वेलनेस कोणाचं, बचत कोणाची?

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमधली मुलं-मुली कंपन्यांत लागली. कोणी हिंजवडीला, कोणी ऐरोलीला, कोणी बुटीबोरीच्या एमआयडीसीत. ती घरी येऊन सांगतात, आज ऑफिसात आरोग्य शिबिर होतं, शुगर तपासली, टी-शर्ट मिळाला. पावलं मोजायची स्पर्धा लागली आहे, महिन्यात जो जास्त चालेल त्याला बक्षीस. शुक्रवारी योगाचा क्लास असतो. कंपनीच्या भाषेत याला ‘वेलनेस प्रोग्राम’ म्हणतात. त्याच इमारतीत आपली एखादी मावशी हाउसकीपिंगला असते, एखादे काका गेटवर सिक्युरिटीला असतात. त्यांची शुगर मात्र कोणी तपासत नाही.

हा फरक का होतो? माणसं वाईट असतात म्हणून, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण यामागे एक सरळ हिशोब आहे. तो समजून घेतला तर आपण काय मागायचं हेही कळतं.

ही कल्पना आली कुठून?

वेलनेस प्रोग्रामचं मूळ अमेरिकेत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, तिथल्या सरकारने पगारवाढीवर बंधन घातलं. कामगार तर हवे होते. मग कंपन्यांनी पगाराऐवजी आरोग्य विमा द्यायला सुरुवात केली, कारण त्याला ते बंधन लागू नव्हतं. पुढे करातही सवलत मिळाली आणि ती पद्धत कायमची झाली. आजही अमेरिकेतल्या निम्म्याच्या आसपास लोकांचा विमा नोकरीतून येतो. बऱ्याच मोठ्या कंपन्या विमा कंपनीवर न सोडता कामगारांच्या दवाखान्याची बिलं स्वतःच्या तिजोरीतून भरतात.

म्हणजे तिथे कामगाराला हार्ट अटॅक आला तर बिल मालकाकडे जातं. कामगाराची शुगर वाढली तर मालकाचा खर्च वाढतो. मग मालकाला वाटलं, लोक आजारी पडण्याआधीच त्यांना सांभाळलं तर? त्यातून तपासणी शिबिरं, सिगारेट सोडायचे वर्ग, वजन कमी करायच्या स्पर्धा, व्यायामशाळा हे सगळं उभं राहिलं. बघता बघता तो एक मोठा धंदा झाला. हे कार्यक्रम चालवून देणाऱ्या वेगळ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांनी मालकांना सांगितलं, आमच्यावर पैसे खर्च करा, तुमचे दुप्पट-तिप्पट वाचतील.

खरंच पैसे वाचतात का?

२०१० साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी, कॅथरीन बेकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग यांनी, तोवर झालेले अभ्यास एकत्र करून एक हिशोब मांडला. वेलनेसवर एक डॉलर खर्च केला तर औषधपाण्याचा खर्च ३.२७ डॉलरनी कमी होतो आणि गैरहजेरीमुळे होणारं नुकसान २.७३ डॉलरनी कमी होतं, असं त्यांना आढळलं. हा आकडा जगभर फिरला. वेलनेस विकणाऱ्यांच्या हातात तर आयतं कोलीतच मिळालं.

पण जुन्या बऱ्याच अभ्यासांत एक खोट राहून जायची. ती आपल्याच उदाहरणाने सांगते. समजा, आपल्या विहाराच्या मैदानावर रोज पहाटे चालण्याचा गट सुरू केला. कोण येईल? ज्याचे गुडघे धड आहेत, ज्याला रात्रपाळी नाही, ज्याला पहाटे नळावर पाणी भरायला उभं राहावं लागत नाही, तो. वर्षाने आपण हिशोब केला की चालणाऱ्यांचा दवाखान्याचा खर्च न चालणाऱ्यांपेक्षा कमी आला. मग तो चालण्यामुळे कमी आला, की मुळातच तब्येतीने बरे असलेले लोक चालायला आले म्हणून कमी आला? सांगता येत नाही.

याला उपाय एकच, चिठ्ठ्या टाकायच्या. चिठ्ठीत ज्यांचं नाव निघेल त्यांना कार्यक्रम द्यायचा, बाकीच्यांना नाही, आणि मग दोघांची तुलना करायची. औषधांची परीक्षा अशीच होते. वेलनेसची अशी मोठी परीक्षा अमेरिकेत दोनदा झाली.

पहिली इलिनॉय विद्यापीठात, २०१६ साली. जवळपास ५ हजार कर्मचाऱ्यांनी नावं दिली आणि त्यातून चिठ्ठीने निवड झाली. संशोधकांना दिसलं की कार्यक्रमामुळे उपचाराचा खर्च काही घटला नाही. उलट जे उत्साहाने भाग घेत होते त्यांचा खर्च कार्यक्रम सुरू होण्याच्या आधीपासूनच कमी होता. मैदानावर चालणाऱ्यांची गोष्ट ती हीच.

दुसरी परीक्षा बीजेज होलसेल क्लब या घाऊक दुकानांच्या साखळीत झाली. तिथल्या १६० ठिकाणांपैकी २० ठिकाणं चिठ्ठीने निवडली. एकूण कर्मचारी सुमारे ३३ हजार. निवडलेल्या ठिकाणी दीड वर्ष आहार, व्यायाम, ताणतणाव यांचे वर्ग चालले. २०१९ साली निकाल आला. कार्यक्रम मिळालेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक नियमित व्यायाम करतो असं सांगत होते, इतरांत ६२ टक्के. वजन आटोक्यात ठेवायचा प्रयत्न करणारेही जास्त होते. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन मोजलं तर फरक नाही. दवाखान्याच्या खर्चात फरक नाही. गैरहजेरीतही फरक नाही. आणि हा अभ्यास केला कोणी? त्याच कॅथरीन बेकर आणि झिरुई साँग यांनी, ज्यांचा २०१० चा आकडा सगळे मिरवत होते. आपलाच जुना निष्कर्ष त्यांनी अधिक कडक परीक्षेला लावला आणि जे निघालं ते छापलं. मला याचं फार मोल वाटतं.

व्यायाम करू नका, असा याचा अर्थ नाही. चालणं चांगलंच. पण भाषण, पोस्टर आणि स्पर्धा एवढ्यानेच वर्षा-दीड वर्षात मालकाचा खर्च कमी होतो, हा दावा टिकला नाही.

मग पैसे कशाने वाचतात?

पेप्सिको या कंपनीच्या कार्यक्रमाचा सात वर्षांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तिथे कार्यक्रमाचे दोन भाग होते. एक, सगळ्यांसाठी राहणीमान सुधारण्याचा सल्ला. दुसरा, ज्यांना आधीच मधुमेह, दमा, रक्तदाब, हृदयविकार असे आजार आहेत त्यांच्यासाठी नर्सचा नियमित फोन: गोळी घेता का, तपासणी केली का, त्रास काय होतो. पहिल्या भागात एक डॉलर घातला तर अर्धा डॉलर परत आला, म्हणजे तोटाच. दुसऱ्या भागात एक डॉलरला ३.८० डॉलर परत आले. आजार सांभाळलेल्या लोकांचं दवाखान्यात भरती होणं २९ टक्क्यांनी घटलं. हा अभ्यास चिठ्ठ्या टाकून केलेला नव्हता, म्हणून आकडा थोडा हात राखून घ्यावा. पण दिशा स्पष्ट आहे.

नर्स म्हणून मला यात नवल वाटत नाही. वॉर्डात ज्यांचे पाय कापावे लागताना मी पाहिले, त्यांतल्या बहुतेकांना शुगर आहे हे वर्षानुवर्षं ठाऊक होतं. गोळ्या मध्येच बंद झालेल्या होत्या. कारण दवाखान्याची ओपीडी सकाळी आणि कामाची पाळीही सकाळी. रजा घेतली तर खाडा, खाडा झाला तर पगार कापला. पायाला फोड आला तरी बूट घालून उभं राहायचं. बीपीचंही तेच. डोकं दुखत नाही म्हणून गोळी सोडली आणि एक दिवस अर्धं अंग गेलं. अशा माणसाला पोस्टर लावून काही मिळत नाही. त्याला लागते रोजची गोळी, दर महिन्याला बीपीचा पट्टा, आणि त्यासाठी दोन तासांची भरपगारी सुट्टी.

बक्षीस दिसतं, पण दंडही असतो

खर्च कमी करायचा आणखी एक मार्ग मालकांना सापडला. तो म्हणजे खर्च कामगारावर ढकलणं. अमेरिकेच्या कायद्याने वेलनेसमध्ये भाग घेणाऱ्याला विम्याच्या हप्त्यात सवलत देता येते. ऐकायला छान वाटतं. पण एकाला सवलत म्हणजे दुसऱ्याला दंडच.

वेस्ट व्हर्जिनिया राज्यात हे उघड झालं. तिथल्या शाळाशिक्षकांना आणि इतर सरकारी कर्मचाऱ्यांना सांगितलं गेलं की मोबाइलवर एक ॲप घ्या, त्यात तब्येतीची माहिती भरा, पावलं मोजा, गुण मिळवा. जो गुण मिळवणार नाही त्याला विम्यासाठी महिन्याला २५ डॉलर जास्त पडतील. शिक्षक चिडले. आमच्या शरीराची माहिती कोणाला आणि कशाला? ज्याला चालता येत नाही त्याने काय करायचं? पगार आधीच तुटपुंजा आणि विमा महाग होत चाललेला. सरकारला ते ॲप मागे घ्यावं लागलं, पण असंतोष थांबला नाही. २२ फेब्रुवारी २०१८ पासून राज्याच्या सर्व ५५ जिल्ह्यांतल्या शाळा बंद पडल्या. ५ टक्के पगारवाढ पदरात पडल्यावरच मार्चमध्ये संप मिटला.

इथे कोणी तुम्हाला पावलं मोजायचं घड्याळ फुकट दिलं तर ही गोष्ट आठवा. दिवसभर दहा मजल्यांचे जिने पुसणाऱ्या बाईला ते घड्याळ काय शिकवणार? तिच्या पावलांची कमतरता नाही, तिला बसायला खुर्ची नाही.

आपल्याकडे खर्च कोण उचलतं?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. मोठ्या कंपन्यांत कायम नोकरीवर असलेल्यांचा गट विमा असतो. गेल्या वर्षी किती क्लेम झाले यावर पुढच्या वर्षीचा हप्ता ठरतो. क्लेम वाढले की कंपनीचा हप्ता वाढतो. आजारपणाची भरपगारी रजाही कंपनीच्याच खिशातून जाते. म्हणून त्यांच्यासाठी शिबिर भरतं.

ठेक्यावरच्या कामगाराचं काय? तो आजारी पडला तर त्या दिवसाचा पगार नाही. दुसऱ्या दिवशी बदली माणूस उभा राहतो. दवाखान्याचं बिल घरच्यांनी भरायचं, कधी बचत गटातून उचलून, कधी मंगळसूत्र गहाण ठेवून. कंपनीचा एक रुपया खर्च होत नाही. मग त्याची शुगर तपासून कंपनीचं काय वाचणार? काहीच नाही. म्हणून त्याला कोणी बोलवत नाही.

एका कंपनीच्या शिबिरात मला बीपी तपासायला बोलावलं होतं. कार्ड गळ्यात असलेल्यांची रांग होती. हाउसकीपिंगच्या बायका पाण्याच्या बाटल्या आणून देत होत्या. त्यातल्या एकीने हळूच विचारलं, “सिस्टर, आमचं पण बघाल का?” यादीत त्यांची नावं नव्हती. मी शिबिर संपल्यावर पट्टा बाहेर काढला आणि जिन्यात बसून आठ जणींचं बीपी पाहिलं. तिघींचं १६० च्या वर होतं. आम्हाला बीपी आहे हे त्या तिघींनाही माहीत नव्हतं.

आजाराचा खर्च ज्याच्या खिशातून जातो, त्यालाच आजार टाळण्याची घाई असते. हे एवढं ध्यानात ठेवलं तर सगळा वेलनेस समजतो.

हा खर्च घरावर पडू नये म्हणून

आपल्याकडे यावर तोड शोधण्याचा प्रयत्न स्वातंत्र्याआधीच झाला. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या खात्याने प्रा. बी. पी. आडारकर यांना औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करायला सांगितलं. आडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये आला. त्यातूनच १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, म्हणजेच आपला ईएसआय. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली.

त्यातला विचार साधा आहे. आजारपण एकट्या घराने सोसायचं नाही. मालकाने आणि कामगाराने मिळून दर महिन्याला थोडं बाजूला टाकायचं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून द्यायचं. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ही योजना लागू होते. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के घालतो. पगार १५ हजार असेल तर कामगाराचे सुमारे ११३ रुपये आणि मालकाचे सुमारे ४८८. महिन्याला साधारण सहाशे रुपयांत सगळ्या कुटुंबाचा उपचार.

उपचाराशिवाय आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. टीबी, कॅन्सरसारख्या लांबणाऱ्या ठराविक आजारांत पुढे ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत आधार मिळू शकतो. त्यासाठी ठराविक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, म्हणून वर्गणी खरंच जमा होते की नाही यावर डोळा ठेवा. पगारपत्रकावर ‘ईएसआय’ म्हणून कपात दिसते, पण ठेकेदार पैसे भरतच नाही, हेही घडतं. उमंग ॲपवर विमा क्रमांक टाकून वर्गणी पाहता येते, घरातल्या शिकलेल्या मुलीला सांगा. ठेकेदाराने भरलं नाही तर मूळ कंपनीची जबाबदारी राहते. ‘तो आमचा माणूस नाही’ असं तिला म्हणता येत नाही.

यातही एक मेख आहे, तीही सांगते. ईएसआयची वर्गणी ठरलेल्या टक्क्याने असते. कामगार ठणठणीत राहिले म्हणून मालकाला सूट नाही आणि आजारी पडले म्हणून जास्त भरावं लागत नाही. त्यामुळे ईएसआय असला तरी मालक आपणहून काळजी घेईलच असं नाही. तिथे कायद्याचा धाक लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांमध्ये मालकाने वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करून देण्याची तरतूद आहे आणि ४० वर्षांवरच्या कामगारांना ती मिळेल असं सरकारने जाहीर केलं आहे. ही तपासणी दारात चालून येणार नाही, मागावी लागेल.

काय मागायचं?

आपल्या देशात कारखान्यांत झालेल्या एका अभ्यासाचा निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. जिथे माहिती, समुपदेशन आणि आजार असलेल्यांकडे लक्ष असे सगळे प्रयत्न काही वर्षं सलग चालले, तिथल्या कामगारांचा रक्तदाब, रक्तातली साखर, कंबरेचा घेर खाली आला. ज्या कारखान्यात काहीच केलं नाही तिथे हे आकडे चढले. सातत्य ठेवलं आणि आजारी माणसाला सोडून दिलं नाही तर उपयोग होतो.

म्हणून युनियनमध्ये, सुपरवायझरसमोर, जिथे तोंड उघडता येईल तिथे या गोष्टी मागा.

शिबिरात ठेक्यावरचे कामगारही बसले पाहिजेत. त्याच इमारतीत घाम गाळणारा प्रत्येक जण.

तपासणीनंतर पुढे काय, हे विचारा. बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त वारंवार येत असेल तर कागद हातात देऊन सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे पाठवा आणि महिन्याने पुन्हा मोजा. ज्या शिबिरातून कोणीच उपचाराला लागत नाही ते शिबिर फोटोपुरतं.

माझा रिपोर्ट कोण बघणार, हे विचारा. शुगर आहे, टीबी होऊन गेला आहे, गरोदर आहे, ही माहिती सुपरवायझरच्या टेबलावर जायला नको. कशावर सही घेतात ते वाचूनच सही करा.

आणि कामाची जागा बघा. पिण्याचं पाणी, बायकांसाठी स्वच्छ संडास, उभ्या कामात मध्येच बसायची मुभा, सफाई कामगाराला हातमोजे आणि बूट, धनुर्वाताचं आणि कावीळ-बी चं इंजेक्शन. सिक्युरिटीच्या कामात बारा-बारा तासांची पाळी असते, तीही आजारच निर्माण करते. पाणी प्यायलं तर संडासला जावं लागेल म्हणून दिवसभर तहानलेल्या राहणाऱ्या बायकांना लघवीची जळजळ होते, हे मी कितीदा पाहिलं आहे. त्यावर योगाचा क्लास हा उपाय नाही.

कंपनीतून काही मिळेपर्यंत थांबूही नका. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी आणि शुगरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, गोळ्याही तिथे मिळतात. घरातलं मोठं माणूस कामावर जातं म्हणून घर चालतं, मग वर्षातला एक खाडा त्याच्या तपासणीसाठी ठरवून टाका. येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा एकमेकींना तीन गोष्टी विचारा: तुझं ईएसआय कार्ड आहे का, वर्गणी भरली जाते का, बीपी शेवटचं कधी पाहिलं? ज्यांच्याकडे उत्तर नसेल त्यांची नावं एका वहीत लिहा. दहा नावं झाली की एकटीने जायचं कारण उरत नाही. मग दहा जणी मिळून कंपनीच्या दारात जा आणि विचारा.